रस्त्याच्या बांधकामाच्या नोंदी: दहा वर्षांनी कामाला येतील अशा कशा ठेवायच्या

मजबुतीकरणाचा प्रस्ताव तयार करायला बसलं की एक प्रश्न हमखास अडतो: आत्ता खाली काय आहे? उपविभागात जुनं अंदाजपत्रक सापडतं. त्यात थर खालून वर लिहिलेले असतात: जीएसबी (मुरूम-खडीचा तळथर) १५० मिमी, डब्ल्यूएमएम (पाणी घालून दाबलेली खडी) २२५, डीबीएम (खालचा डांबरी थर) ५०, वर बीसी (पृष्ठभागाचा डांबरी थर) ३०. पण अंदाजपत्रकात काय करायचं ठरलं होतं तेवढंच असतं. प्रत्यक्षात काय झालं ते एम.बी.मध्ये, म्हणजे देयकासाठीच्या मोजमाप पुस्तकात. आणि एम.बी.त असतात घनमीटर. कोणत्या दोनशे मीटरमध्ये किती जाडी बसली, हे त्या घनमीटरांतून बाहेर काढता येत नाही. मग रस्ता खोदून बघणं आलं, आणि तेही वेळ असेल तर. नसेल तर अंदाजपत्रकातलेच आकडे पुढे सरकवले जातात.

हे आकडे पुढे कुठे जातात ते बघा. एफडब्ल्यूडीची (वजन पाडून रस्त्याची ताकद तपासणाऱ्या यंत्राची) चाचणी करताना ३०० मिमी व्यासाच्या तबकडीवरून साधारण ४० किलोन्यूटनचा धक्का रस्त्याला देतात आणि किती अंतरावर पृष्ठभाग किती खचला हे मोजतात. त्या खचण्यावरून प्रत्येक थराचा मॉड्युलस (कडकपणाचा आकडा) उलटा काढायचा, ही इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:११५ या मार्गदर्शिकेची पद्धत. त्यासाठी आयआयटी खरगपूरचं केजीपीबॅक हे सॉफ्टवेअर वापरतात. हे गणित चालायला थरांची जाडी आपण द्यावी लागते, यंत्र ती मोजत नाही. डांबरी थर प्रत्यक्षात ८० मिमी असताना कागदावरून १०० दिला तर काय होईल? थराचा वाकण्याला विरोध जाडीच्या घनात वाढतो, म्हणून ढोबळमानाने मॉड्युलस निम्म्यावर येतो. चांगलं डांबर कागदोपत्री कुजकं ठरतं आणि गरज नसलेला ओव्हरले (वरून नवा डांबरी थर) मंजूर होतो. उलट चूक झाली तर कमकुवत रस्त्यावर पातळ थर पडतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात.

‘आमच्याकडे नोंदीच नाहीत’ हे मला फारसं पटत नाही. नोंदी ढिगाने आहेत. एम.बी. आहे, चाचण्यांच्या नोंदवह्या आहेत, हॉट मिक्स प्लांटची चलनं (गाडीसोबत येणाऱ्या पावत्या) आहेत, लेव्हल बुक (पातळ्यांची वही) आहे, हल्ली जिओ-टॅग केलेले फोटोही आहेत. अडचण एवढीच, की हे सगळं देयक मंजूर व्हावं म्हणून लिहिलेलं आणि कामाच्या नावाने बांधून ठेवलेलं असतं. पेव्हमेंट व्यवस्थापनाला, म्हणजे रस्त्याच्या थरांची देखभाल ठरवायला, तीच माहिती रस्त्याच्या जागेनुसार लागते. पुढच्या पायऱ्यांमध्ये मुख्यतः हेच आहे: जी माहिती साईटवर तशीही तयार होते, ती जागेला कशी बांधायची. शाखा अभियंता, कंत्राटदाराचा साईट इंजिनिअर आणि गुण नियंत्रणाची प्रयोगशाळा, या तिघांनी ठरवलं तर वेगळा माणूस नेमावा लागत नाही.

पायरी १: जागा पक्की करा

कि.मी. १२/४०० ते १४/२०० असं लिहिलं म्हणजे जागा सांगून झाली असं आपण धरून चालतो. पण १२/४०० कुठून मोजलं? वळण सरळ केलं, बायपास झाला, की पुढचे सगळे किलोमीटर सरकतात. दगड कधी नवीन साखळीप्रमाणे (आरंभबिंदूपासून मोजलेल्या अंतराप्रमाणे) बसतात, कधी जुनेच राहतात, कधी रुंदीकरणात उपटले जातात. रस्त्याचा दर्जा बदलला की क्रमांकही बदलतो आणि आरंभबिंदूही. ग्रामीण मार्गाचा इतर जिल्हा मार्ग होतो, इतर जिल्हा मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), प्रजिमाचा राज्यमार्ग. राष्ट्रीय महामार्गांचं २०१० साली फेरक्रमांकन झालं, तेव्हा पुणे–सातारा–कोल्हापूर हा जुना ४ क्रमांक ४८ मध्ये गेला, पनवेल–गोवा १७ चा ६६ झाला, पुणे–सोलापूर ९ चा ६५. जुन्या फायली आजही जुन्याच क्रमांकाने बांधलेल्या आहेत.

म्हणून प्रत्येक नोंदीत जागा दोन प्रकारे लिहा. एक, रस्त्याचा क्रमांक आणि साखळी, आणि ती साखळी कोणत्या वर्षाच्या किलोमीटर दगडांप्रमाणे आहे ते. दोन, तुकड्याच्या सुरुवातीचे आणि शेवटचे अक्षांश-रेखांश. दशांश अंशात पाच स्थळांपर्यंत लिहिले तर लिहिण्यातली बारकाई साधारण मीटरभराची होते. मोबाइलची स्वतःची अचूकता त्याहून कमी असते, पण तुकडा ओळखायला तेवढी पुरते. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश अंश यांची सरमिसळ होऊ देऊ नका. नकाशावर रस्ता शेजारच्या तालुक्यात उमटतो तेव्हा कारण बहुतेक हेच निघतं.

जोडीला एखादी न हलणारी खूण हवी. पुलाचा अबटमेंट (टोकाचा आधार), मोरीचा हेडवॉल (तोंडाची भिंत) चालतो. ‘पाटलांच्या वस्तीपासून’ चालत नाही. वस्ती वाढत जाते.

रुंदीची नोंदही याच पायरीत करा. डावी बाजू, उजवी बाजू म्हणजे कोणती? वाढत्या किलोमीटरच्या दिशेने तोंड करून उभं राहिल्यावरची, असं एकदा ठरवा आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

पायरी २: एक थर, एक तुकडा, एक ओळ

नोंदीचं एकक ‘काम’ नसावं. एका कामात दोन किलोमीटर मजबुतीकरण, मधल्या गावठाणात काँक्रीट, शेवटच्या पाचशे मीटरला नुसतं कारपेट (पातळ डांबरी थर), असं सगळं असतं. त्या कामाची एकच ओळ केली की ती कशालाच लागू पडत नाही. ओळ करायची ती थराची, आणि तो थर जिथे एकसारखा आहे तेवढ्याच तुकड्याची. जाडी, मिश्रण, रुंदी, खालची माती किंवा टाकण्याचा हंगाम, यांतलं काहीही बदललं की नवीन ओळ.

ओळीत किमान एवढं हवं:

- रस्ता, पासून–पर्यंत साखळी, अक्षांश-रेखांश, बाजू, रुंदी
- थराचं नाव, ठरलेली जाडी, मोजलेली जाडी (सरासरी, किमान, कमाल आणि किती ठिकाणी मोजली)
- साहित्य: खाण, डांबराची श्रेणी, मिश्रणाच्या मंजूर जेएमएफचा (प्रमाण ठरवणाऱ्या सूत्राचा) क्रमांक
- टाकल्याची तारीख
- खाली काय होतं आणि त्याचं काय केलं
- कामाचा करारनामा क्रमांक, एम.बी. क्रमांक आणि पान
- माहिती कुठून आली, कोणी लिहिली, कधी

करारनामा आणि एम.बी.चा क्रमांक शेवटाकडे आहे आणि तो तिथेच बरा. तो जुन्या कागदाकडे नेणारा दुवा आहे. फाइल त्या क्रमांकाने लावायची नाही.

भरलेली ओळ कशी दिसते ते बघा. प्रजिमावरचा तुकडा, कि.मी. ७/२०० ते ७/८५०, पूर्ण रुंदी ५.५ मी. डीबीएम श्रेणी २, ठरलेली जाडी ५० मिमी. मोजलेली सरासरी ४८, किमान ४१, कमाल ५६, कोअर (रस्त्यातून कापून काढलेले गोल नमुने) ५. डांबर व्हीजी-३० श्रेणीचं. खाली जुना बीबीएम (डांबरी खडीचा थर) आणि कारपेट, खड्डे भरून टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा फवारा) मारला, उकरलं नाही. टाकल्याची तारीख १४ ते १६ मे. माहितीचा दर्जा ‘अ’ (हा दर्जा काय ते पुढे येतं). एवढी ओळ लिहायला पाच मिनिटं पुरतात. हीच ओळ दहा वर्षांनी शोधायची म्हटली, तर आठवडा जातो आणि हाती काही लागेलच असं नाही.

पायरी ३: जाडी मोजा, मागून काढू नका

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

जाडी कळण्याचे तीन मार्ग साईटवर आधीच असतात. पहिला लेव्हलचा. थर टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर त्याच बिंदूंवर पातळ्या घेतल्या की वजाबाकी म्हणजे जाडी. ‘त्याच बिंदूंवर’ यातच सगळं आलं. मधली रेषा आणि दोन्ही कडांपासून ठराविक अंतरावरच्या रेषा धरून, ठराविक साखळीवर बिंदू नक्की करा आणि प्रत्येक थराला तेच बिंदू वापरा. मुरूम आणि खडीच्या थरांना हा मार्ग चांगला. पातळ डांबरी थराला लेव्हलची नेहमीची दोन-चार मिलिमीटरची चूक फार मोठी पडते.

दुसरा मार्ग कोअरचा. कोअर काढल्यावर बाजूने तीन-चार ठिकाणी जाडी मोजा, प्रत्येक थर वेगळा मोजा आणि पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. दोन थर एकमेकांपासून सुटून आले तर तेही लिहा. टॅक कोटची खरी परीक्षा तिथेच होते आणि पुढे पृष्ठभाग सरकून फाटण्याचं मूळही बहुधा तिथेच सापडतं. कोअर कुठे काढायचा ते आधी चिठ्ठीने किंवा यादृच्छिक आकड्याने ठरवा. साईटवर ‘साहेब, इथे काढू या’ म्हणणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही, पण ती जागा चांगलीच निघते. कडेची पट्टी कोणी सुचवत नाही. तुटायला सुरुवात मात्र कडेनेच होते.

तिसरा मार्ग फुकटचा आहे आणि कोणी वापरत नाही: चलनं. ५.५ मीटर रुंद रस्त्यावर ५० मिमी डीबीएम टाकताना एका मीटर लांबीला ०.२७५ घनमीटर मिश्रण लागतं. दाबल्यानंतरची घनता २.३५ टन प्रति घनमीटर धरली तर ते झालं सुमारे ०.६५ टन. म्हणजे १६ टनांची एक गाडी पूर्ण रुंदीत साधारण २५ मीटर जायला हवी. पेव्हर (मिश्रण पसरवणारं यंत्र) अर्ध्या रुंदीत चालत असेल तर ५० मीटर. गाडी रिकामी झाली की कडेला चुन्याने खूण करा आणि त्या चलनावर साखळी लिहा. तीच गाडी पूर्ण रुंदीत ३१ मीटर गेली असेल तर तिथे जाडी ४० मिमीच्या आसपास आहे. कोअर काढायच्या आधीच तुम्हाला कळलं. १८ मीटरमध्येच संपली असेल तर खाली खड्डा होता, प्रोफाइल बिघडलेली होती, आणि तिथला थर पुढेही वेगळा वागणार. हे दोन्ही नोंदीत आलं पाहिजे.

दिवसाखेरीस बेरीज ताडून बघा. एक किलोमीटरला सुमारे ६४६ टन मिश्रण, आणि डांबराचं प्रमाण ४.५ टक्के धरलं तर २९ टन डांबर. चलनांची बेरीज, प्लांटची नोंद आणि एम.बी. या तिन्हींत थोडाफार फरक राहणारच. फरक अजिबात नसेल तर मला जास्त शंका येते.

सरासरी एकटी कधीही लिहू नका. सरासरी ५० असलेल्या दोन तुकड्यांत एकाची जाडी ४६ ते ५४ आणि दुसऱ्याची ३२ ते ७० असू शकते. देयकाला दोन्ही सारखेच. पाच वर्षांनी दुसरा ३२ च्या जागी फुटतो आणि मग त्या पूर्ण तुकड्याचाच दर्जा खाली ओढला जातो.

पायरी ४: चाचणीला पत्ता द्या

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत निकाल तारखेप्रमाणे लावलेले असतात. ‘नमुना क्र. ३, दि. १२, घनता ९८.१ टक्के’. बरोबर आहे, पण कुठली? नमुना घेतानाच पिशवीवर साखळी, बाजू आणि थर लिहायची सवय लागली की अर्धं काम झालं. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांचा ९०० वा विभाग कोणत्या चाचण्या किती वेळा घ्यायच्या ते सांगतोच. नवीन चाचण्या घ्याव्या लागत नाहीत, घेतलेल्यांना जागा द्यायची आहे.

सबग्रेडची, म्हणजे सगळ्या थरांखालच्या मातीची, माहिती सगळ्यात मोलाची, कारण ती पुन्हा मिळत नाही. वर थर चढले की तिच्यापर्यंत पोहोचायला खोदावंच लागतं. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचा भिजवलेला सीबीआर (मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा) दोन-तीन टक्क्यांवर येतो आणि शंभर मीटरवर मुरमाड जमीन लागली की तोच कितीतरी वर जातो. पूर्ण किलोमीटरला एकच सीबीआर लिहिणं म्हणजे ती माहिती वाया घालवणं. माती कुठे बदलली ती साखळी लिहा, डोळ्यांनी दिसली तरी लिहा. काळी माती काढून बाहेरचा मुरूम भरला असेल तर किती खोलीपर्यंत भरला ते लिहा. सबग्रेडच्या घट्टपणाला कमाल शुष्क घनतेच्या ९७ टक्क्यांची अट आहे. नोंदीत ‘पास’ लिहू नका, आकडा लिहा. ९७.२ आणि १००.५ दोन्ही पास; पाण्याखाली उभं राहताना दोघांचं वागणं सारखं नसतं.

डांबरी मिश्रणाचं तापमानही लिहा. व्हीजी-३० साठी विनिर्देशांत पसरताना किमान १४० अंश आणि रोलिंग संपताना किमान ९० अंश दिले आहेत. प्लांट साठ किलोमीटरवर आणि मध्ये घाट असेल तर गाडी कितीला पोहोचली ते चलनावर यायलाच हवं. गाडीची साखळी आपण पायरी ३ मध्ये लिहिलीच आहे. म्हणजे थंड मिश्रण नेमकं कोणत्या पंचवीस मीटरमध्ये गेलं तेही कळलं. पुढे तिथे खडी सुटायला लागली तर कारण शोधत बसायला नको.

आता एक नाजूक गोष्ट. निकालांचा रकाना वाचताना सगळे आकडे ९८.१, ९८.२, ९८.१, ९८.३ असे येत असतील तर थांबा. खऱ्या रस्त्याचे आकडे असे रांगेत उभे राहत नाहीत. ते वरखाली होतात, मधूनच एखादा नापास होतो, तिथे पुन्हा रोलर फिरतो आणि दुसरी चाचणी होते. नापास निकाल खोडून त्या जागी पास लिहायची पद्धत सर्रास आहे. त्यामागची भीती कळते, कारण लेखापरीक्षणात तोच नापास निकाल बोट ठेवायला सापडतो. उपाय वरून यावा लागतो. उप अभियंत्याने स्पष्ट सांगावं: नापास, मग काय दुरुस्ती केली, मग पुन्हा चाचणी, अशा तीन नोंदी असतील तर ते काम चांगलं धरलं जाईल. हे एकदा बोलून दाखवल्याशिवाय साईटवरचा कोणी धजावत नाही.

पायरी ५: तारीख कोणती?

थराचं वय तो टाकला त्या दिवसापासून मोजायचं. फायलीत मात्र ठळकपणे असते ती काम पूर्णत्वाची तारीख, नाहीतर अंतिम देयकाची. देयक निधीअभावी वर्षभर रखडलं तर रस्ता कागदावर एक वर्षाने तरुण होतो. रस्ता कसा झिजतो याचा आलेख काढणाऱ्याला हा एका वर्षाचा फरक मोठा आहे. डीबीएम मार्चमध्ये टाकला आणि बीसी पावसाळ्यानंतर डिसेंबरमध्ये, असंही घडतं. मधला पावसाळा डीबीएमने उघड्या अंगावर काढला. हे फक्त दोन थरांच्या दोन तारखांवरूनच कळू शकतं.

म्हणून थर टाकल्याची तारीख, वाहतुकीला खुला केल्याची तारीख आणि दोष दायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून द्यायचा काळ) संपण्याची तारीख, तिन्ही वेगळ्या लिहा.

पायरी ६: काढलेलं, कापलेलं, जोडलेलं

नोंदी नेहमी ‘टाकलं’ एवढंच सांगतात. जुना डांबरी थर उकरला की तसाच ठेवला? मिलिंग (यंत्राने थर खरवडणं) केलं असेल तर किती मिमी? हे कळलं नाही तर खालच्या थरांची बेरीज पुढे कायमची चुकते.

रुंदीकरणात हा गोंधळ जास्त. ३.७५ मीटरचा रस्ता ५.५ आणि मग ७ मीटर होतो. मधल्या पट्ट्यात वीस वर्षांचं जुनं खडीकरण, त्यावर तीन कारपेट. कडेच्या पट्ट्यात नवा जीएसबी आणि डब्ल्यूएमएम. वरून एकच काळा पृष्ठभाग. जोडावर लांबच लांब भेग पडते तेव्हा तिचं कारण खाली असतं. म्हणून मधला पट्टा आणि वाढवलेला पट्टा यांच्या ओळी वेगळ्या ठेवा आणि जोड मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते लिहा.

चर खोदाई तर रोजचीच. पाणीपुरवठ्याची पाइपलाइन, ऑप्टिकल फायबर, वीज. परवानगीची फाइल एका टेबलावर, रस्त्याची दुसऱ्या. परवानगीपत्रात साखळी, चराची रुंदी-खोली आणि भरताना काय वापरलं हे तीन रकाने भरून घ्या आणि तीच ओळ रस्त्याच्या नोंदीत उतरवा. आडवा चर खचला की त्याच्या दोन्ही बाजूंचा चांगला रस्ता ‘खराब’ यादीत जातो.

पायरी ७: छोटी कामं हरवू देऊ नका

मोठ्या कामाची फाइल निदान सापडते तरी. खड्डे भरणं, सीलकोट, पूरहानी दुरुस्ती, साईडपट्टी भरणं, यांचा मागमूस राहत नाही. कारण ही कामं अर्थसंकल्पाच्या वेगवेगळ्या शीर्षांखाली होतात: ३०५४ मधून दुरुस्ती, ५०५४ मधून सुधारणा, गावाकडच्या तुकड्याला कधी २५१५. प्रत्येक शीर्षाची फाइल वेगळी, आणि रस्ता एकच. २० मिमी कारपेट पडल्यावर पृष्ठभाग नवा दिसतो, पाहणीत गुण वाढतात, आणि खालचा सबग्रेड पाणी पितच असतो. कारपेट कधी पडलं ही नोंद नसेल तर पाहणी करणाऱ्याला वाटतं, रस्ता आपोआप सुधारला.

खड्ड्यांची प्रत्येकी ओळ करत बसू नका, त्याने नोंद ठेवणाराच थकेल. दर किलोमीटरला, दर हंगामाला किती चौरस मीटर पॅचिंग झालं एवढं पुरे. एकाच किलोमीटरला लागोपाठ तीन वर्षं जास्त पॅचिंग येत असेल तर तिथे गटार किंवा मोरी बघायला जा.

पायरी ८: फाइल कशी असावी

साधी स्प्रेडशीट चालते. महागडी प्रणाली येईल तेव्हा येईल. ओळी नीट असतील तर त्या तिच्यात चढवता येतात.

काही शिस्त मात्र हवी. थरांची नावं ठरलेल्या यादीतूनच निवडायची; एकाने ‘बीबीएम’, दुसऱ्याने ‘बी.बी.एम.’, तिसऱ्याने ‘डांबरी मॅकॅडम’ लिहिलं की शोध घेणं संपलं. जाडी मिमीमध्येच. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवा, शून्य लिहू नका. शून्य म्हणजे थर नाही. दोन तुकड्यांच्या साखळ्या एकमेकांवर चढतात का, मध्ये फट राहते का, हे क्रम लावून बघा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि अशा फायली प्रत्येक कार्यालयात पडून आहेत.

जुनी ओळ पुसायची नाही. सातबाऱ्यावर जसा फेरफार चढतो आणि जुना फेरफार नोंदवहीत राहतो, तसंच इथे: नवा थर आला की नवी ओळ, मिलिंग झालं की तीही ओळच. चूक सापडली तर दुरुस्तीची ओळ, सोबत कारण आणि नाव.

हे भरणार कोण? साईट इंजिनिअर भरेल, शाखा अभियंता तपासून सही करेल, आणि प्रत्येक चालू देयकासोबत त्या देयकातल्या थरांच्या ओळी जोडल्या जातील, अशी अट निविदेतच टाकावी. देयकाशी जोडलेली नोंद भरली जाते, न जोडलेली राहते. हा मनुष्यस्वभाव आहे, त्यावर चिडून उपयोग नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हे तत्त्व दिसतंच. तिथे कामाची माहिती ओमास या ऑनलाइन प्रणालीवर भरावी लागते आणि पाच वर्षांच्या देखभालीचं देयक ई-मार्गवरच्या पाहणीला जोडलेलं आहे.

बदल्यांचाही हिशोब धरा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. आयआरसी:३७ या डांबरी रस्त्यांच्या संकल्पनाच्या मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीत राज्यमार्गाचा संकल्पन कालावधी २० वर्षांचा. म्हणजे एका पेव्हमेंटच्या आयुष्यात त्या खुर्चीवर सहा-सात जण येऊन जातील. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत साठा आणि एम.बी. यांच्यासोबत ही फाइलही नावानिशी हवी, आणि तिची प्रत विभागीय कार्यालयात.

पायरी ९: मागच्या रस्त्यांचं काय?

सगळा मागचा इतिहास एकदम भरायला घेतला की काम बारगळतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत जिथे मजबुतीकरण होणार आहे, तेवढेच रस्ते आधी घ्या. अंतिम देयकं आणि एम.बी.तून मिळेल ते काढा, निवृत्त मैलकामगार आणि जुने कनिष्ठ अभियंते यांना विचारा (‘त्या वळणावर दगडी सोलिंग आहे’ ही माहिती कुठल्याच कागदात नसते), आणि मग थोडे चाचणी खड्डे घ्या. खड्डा कडेजवळ, थर एकेक मोकळा होईल असा. प्रत्येक थराची जाडी, खडीत माती मिसळली आहे का, सबग्रेडचा ओलावा किती, हे लिहा आणि नमुना घ्या.

खड्डे फक्त फुटलेल्या रस्त्यावर घेऊ नका. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची, दहा वर्षांच्या हमीची आणि त्याहून कितीतरी जास्त टिकल्याची गोष्ट सगळे सांगतात. तुमच्याही उपविभागात एखादा तुकडा असतोच, जो आजूबाजूचं सगळं उखडलं तरी टिकून आहे. एक खड्डा तिथे घ्या. टिकलेल्या रस्त्याची नोंद फुटलेल्याइतकीच लागते, नाहीतर तुलना कशाशी करणार?

प्रत्येक जुन्या ओळीला दर्जा द्या. ‘अ’ म्हणजे कोअर, लेव्हल किंवा खड्ड्यातून मोजलेलं. ‘ब’ म्हणजे एम.बी.वरून काढलेलं. ‘क’ म्हणजे अंदाजपत्रकातून उचललेलं. ‘ड’ म्हणजे कोणीतरी सांगितलेलं. हा एक रकाना बाकी सगळ्यांइतका महत्त्वाचा, कारण ‘ड’ दर्जाचा आकडा दोनदा इकडून तिकडे कॉपी झाला की तो ‘अ’सारखा दिसायला लागतो. एफडब्ल्यूडीच्या सल्लागाराला फाइल देताना हा रकाना काढून टाकू नका. ‘क’ आणि ‘ड’ असलेल्या तुकड्यांत त्याला कोअर काढायला लावा, तशी अट त्याच्या कार्यादेशात घाला.

पायरी १०: वर्षातून एकदा फाइलचीच चाचणी

पावसाळा संपल्यावर, कामं सुरू व्हायच्या आधी, फाइलमधल्या पाच ओळी चिठ्ठीने निवडा आणि जागेवर जा. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर उभं राहिल्यावर तोच तुकडा लागतो का? रुंदी जुळते का? जिथे गुण नियंत्रणाचे कोअर तसेही निघणार आहेत, तिथे एखादा या तपासणीसाठी धरा आणि जाडी ताडा. दोष दायित्व संपायला सहा महिने राहिलेले तुकडे याच फेरीत बघून घ्या. कंत्राटदाराला पत्र पाठवताना ‘रस्ता खराब झाला आहे’ यापेक्षा ‘कि.मी. ७/४२५, डावी बाजू, मोजलेली जाडी ४१ मिमी, खडी सुटली’ हे पत्र वेगळंच काम करतं.

पाचांतल्या दोन ओळी चुकीच्या निघाल्या तर दहा आणखी तपासा. चुका एकाच शाखेच्या आहेत, की एकाच प्रकारच्या थराच्या? बऱ्याचदा रुंदीकरणाच्या ओळी आणि गावठाणातले काँक्रीटचे तुकडे चुकलेले असतात, कारण तिथे मधूनच दुसऱ्या यंत्रणेने काम केलेलं असतं: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कधी नगरपंचायत. त्यांच्याकडून वर्षातून एकदा यादी मागवायची, आणि ती आली नाही तर त्या तुकड्याची ओळ तशीच ठेवून दर्जाच्या रकान्यात ‘ड’ लिहायचा.